चिठ्ठीवर नऊशे, खोक्यात मगर

ताई, नमस्कार.

मी राजारामपुरीत राहतो, एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. लहानपणापासून मला छोट्या रेल्वेचं वेड, पण आजवर मिळाला तो एकच सेट, तोही चावीचा. आमच्या वडिलांचे एक स्नेही ताराबाई पार्कात राहायचे. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या माडीवर एक अख्खी खोली रेल्वेची आहे. साडेतीनशेच्या वर इंजिनं आणि डबे, प्लायवूडवर मांडलेले रूळ, आणि एका टोकाला काकांनी स्वतः पुठ्ठ्याचं केलेलं कोल्हापूर स्टेशन. मुलं दोघंही परदेशात, बंगला द्यायचा ठरलाय, म्हणून येत्या शनिवारी-रविवारी घरातच सगळी विक्री आहे.

काकूंनी मला गुरुवारी आधीच बघायला बोलावलं. भाचीनं प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावलीय: मोठं इंजिन 900, छोटं 500, डबा 150. त्यात एक हिरवं, दोन्हीकडे लांब नाक असलेलं इंजिन दिसलं, शौकीन ज्याला मगर म्हणतात ते. खाली मेर्कलिन या जर्मन कंपनीचं नाव लिहिलंय. चिठ्ठी नऊशेची. घरी येऊन फोनवर बघितलं तर तसलंच इंजिन तीस-चाळीस हजारांना. मी काकूंना काही बोललो नाही. तेव्हापासून झोप नाही. बायको म्हणते, "स्वस्त मिळतंय तर घ्या आणि गप्प बसा, नाहीतर जाऊच नका." माझ्याकडे 25 हजार आहेत. काय बघून घेऊ? आणि सांगू की गप्प बसू?

– मगर दिसलेला, राजारामपुरी

*

सांगा. काकूंना सांगा, आणि शनिवारची वाट न बघता सांगा. एवढ्यासाठीच तुमचं पत्र रांगेतून वर ओढलंय, बाकीच्यांनी रागावू नये.

हे मी कुठून बोलतेय तेही ऐका. माझा दादा रेल्वेवेडा होता. आमच्या शाहूपुरीतल्या घरात माडीवर त्याचे रूळ मांडलेले असायचे आणि ते पुसायचं काम माझ्याकडे. जुन्या बनियनची चिंधी, तिच्यावर स्पिरिटचे दोन थेंब, आणि सगळं वेटोळं पुसत जायचं. चिंधी काळीकुट्ट झाली की दादा खूश. तो गेल्यावर आम्हीही अशीच विक्री काढली होती. रूळ पुसता येत होते, पण कशाची किंमत काय हे ना मला ठाऊक होतं ना वहिनीला. पहिल्याच दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. कापडी पिशवी घरूनच आणलेली. काही विचारलं नाही, काही न्याहाळलं नाही. सरळ कपाटाशी गेले, तीन खोकी उचलली, बाराशे रुपये टेबलावर ठेवले आणि जिना उतरले. वहिनी म्हणाली, "घाईत होते वाटतं." त्या तीन खोक्यांत काय होतं ते आम्हाला दोन महिन्यांनी दादाच्या वहीतून कळलं.

पैसे गेले त्याचं वहिनीला फारसं वाटलं नाही, खरंच. तिला लागलं ते वेगळंच. दादाच्या वस्तू ओळखणारा माणूस त्याच्यामागे पहिल्यांदाच घरात आला होता, आणि तो एक शब्द न बोलता गेला.

तुमच्या बायकोचं मला कळतं. महिनाअखेरीला बोललेलं वाक्य आहे ते. जुन्या बाजारात कुणाच्या गाड्यावर नऊशेची चिठ्ठी दिसली असती तर मीही घ्या म्हणाले असते. धंद्याला बसलेल्या माणसाला आपला माल कळायला हवा. पण काकूंनी तुम्हाला आधी बोलावलं ते तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

सांगायचं कसं, तर आकडा फेकून नव्हे. "काकू, हे चाळीस हजारांचं आहे" म्हणालात की दोन गोष्टी होतील. त्या घाबरतील, आणि भाची सगळ्याच चिठ्ठ्यांवर एकेक शून्य वाढवेल. शिवाय तो आकडा खरा आहे असंही नाही. तुम्ही बघितला तो मागितलेला भाव. मागायला कुणी काहीही मागतं. त्याच साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, त्या बघा. तेच इंजिन, तेच खोकं, तशीच अवस्था, आणि प्रत्यक्षात कितीला गेलं. बरेचदा मागितलेल्याच्या अर्ध्याच्या आसपास येऊन थांबतं. मग काकूंना म्हणा, की मेर्कलिन लिहिलेली सगळी खोकी शनिवारच्या विक्रीतून बाजूला ठेवा, मुलांना फोटो पाठवा, ती तिकडून चौकशी करतील. मेर्कलिन जर्मनीची, मुलं परदेशात, त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा सोपं जाईल.

आणि काकू म्हणाल्या, "राहू दे रे, तूच घे नऊशेला," तर? म्हणतीलही, आपल्याकडची माणसं तशी आहेत. मग मुलांच्या कानावर घातल्याशिवाय घेऊ नका. त्यांनीही हो म्हटलं तर आनंदानं घ्या, मन खायचं काही कारण नाही. फक्त कागदावर दोन ओळींची पावती घ्या, मुलांचा होकार आलेला मेसेज ठेवा. वारसांच्या वस्तूत तोंडी देणंघेणं नको.

आता जरा रसाचं बोलू. ही मगर आहे कोण? स्वित्झर्लंडच्या गोथार्ड घाटात मालगाड्या चढवायला 1919 पासून विजेची इंजिनं आली. मध्ये उंच केबिन, पुढे-मागे लांब बुटकं नाक, आणि वळणावर नाक वेगळं वळतं, धड वेगळं. लोकांनी नाव ठेवलं मगर. त्याच धाटणीची इंजिनं आपल्या बोरघाटातही मालगाड्या ओढत होती, आणि आपल्या लोकांनी त्यांना काय म्हटलं असेल? खेकडा! एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, मुलाला कधी दाखवा. मेर्कलिन ही 1859 सालची कंपनी. सुरुवातीला ती मुलींसाठी पत्र्याची भातुकली बनवायची, रेल्वे नंतर आली. छोट्या मापातली मगर तिनं महायुद्ध संपल्यावर काढली आणि तेव्हापासून संग्राहकांत मगरीचा मान वेगळाच.

पण ती मगर तुमच्या कामाची नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

तिला पालथी करून बघा. पोटाखाली धातूची एक लांब पट्टी दिसेल, बोटानं दाबली तर खालीवर होते. मेर्कलिनच्या रुळांत मधोमध बारीक खुंट्या असतात, त्यांच्यावरून ही पट्टी घसरत जाते आणि वीज घेते. दोन्ही बाजूंचे रूळ मिळून परतीची वाट. वीज एसी, 16 व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन उलटं फिरवायचं तर 24 व्होल्टचा एक झटका द्यायचा. बाजारात सर्रास मिळतात ते सेट दोन रुळी, 12 व्होल्ट डीसीचे. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. मगरीची दोन्हीकडची चाकं आसातून एकमेकांना जोडलेली, मध्ये काही आडपडदा नाही. दोन रुळी मार्गावर ठेवलीत की शॉर्ट. म्हणजे मगर घेतली तर रूळही तिचेच हवेत, ट्रान्सफॉर्मरही तिचाच. नाहीतर ती शोकेसमध्ये, आणि मुलगा काचेला नाक लावून उभा.

आणखी एक गंमत. तीन रूळ दिसले म्हणजे मेर्कलिनच, असं नाही. हॉर्नबी-डब्लो नावाची इंग्लिश गाडी 1938 ला आली, तिलाही मधला तिसरा रूळ, चांगला ठसठशीत दिसणारा. पण वीज डीसी. पुढे 1959 मध्ये तेही दोन रुळांवर आले. काकांच्या पिढीच्या माणसाकडे ही तिन्ही कुळं एकाच कपाटात नांदत असणार. म्हणून खोकं हातात घेतलं की नाव नंतर वाचा, आधी पालथं करा.

जाताना खिशात तीन वस्तू ठेवा. स्टीलची सहा इंची पट्टी, एक छोटं लोहचुंबक आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिला दोन वायरी जोडून.

पट्टी रुळांमधलं अंतर मोजायला. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत 32 मिलिमीटर भरलं तर तो ओ गेज. पत्र्याची, चावीची मोठी इंजिनं बहुधा त्यातली. फ्रँक हॉर्नबीनं 1920 मध्ये पहिल्यांदा काढल्या त्या गाड्या याच मापाच्या. 9 भरलं तर एन गेज, डबा बोटाएवढा, मुलाच्या हातून दिवाणाखाली गेला की दिवाळीच्या सफाईलाच सापडेल. 16.5 भरलं तर तुमचं माप. त्यातही एक मेख आहे: युरोपातला एचओ खऱ्या गाडीच्या 87 पट लहान, इंग्लंडचा ओओ 76 पट लहान, आणि दोन्ही धावतात एकाच 16.5 च्या रुळावर. मिसळून चालतात, पण शेजारी उभे केले की इंग्लिश डबा अंगानं भरलेला वाटतो. तुम्हाला सलत असेल तर एकाच कुळातले घ्या. मुलाला काही सलत नाही.

चुंबक रुळांसाठी. चिकटलं तर पोलादी रूळ, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात पोलादी रुळांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. न चिकटणारे पांढरट रूळ म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. तेच घ्या. पिवळे पितळी असतील तर स्वस्तात मिळाले तरच, कारण ते सारखे पुसावे लागतात. माझा सगळा मे महिना त्यात जायचा.

बॅटरीनं इंजिन तपासा. दोन रुळी डीसी इंजिन असेल तर एक वायर डावीकडच्या चाकाला, दुसरी उजवीकडच्या चाकाला. मोटर घरघरली तर जिवंत. वायरी उलट धरा, चाकं उलट फिरायला हवीत. तीन रुळी डब्लो असेल तर एक वायर पोटाखालच्या पट्टीला आणि दुसरी चाकाला. नुसतं थरथरलं, फिरलं नाही, तर हात आखडू नका. वीस वर्षं बंद राहिलेल्या इंजिनातलं तेल मेणासारखं झालेलं असतं. शिलाई मशिनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन आसाच्या टोकाला लावलं तर तासाभरात धावणारी कितीतरी बघितलीत. चाकावरचं बारीक रबर सैल झालेलं असेल तर तेही क्षुल्लक, बदलून मिळतं. दुरुस्त होणाऱ्या दोषावर घासाघीस करा आणि खुशाल घ्या.

दुरुस्त न होणारा दोष एकच, आणि त्याचं मर्म तुमच्या फौंड्रीतल्या माणसांना जास्त चांगलं सांगता येईल. जुन्या इंजिनांचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबानं ओतलेलं. ओतताना त्यात शिसं मिसळलं, अगदी थोडं जरी, तर पुढं वर्षानुवर्षं ते जस्त आतूनच कुजत राहतं. आधी केसाएवढ्या भेगा, मग अंग फुगतं, मग तुकडे. दमट हवेत लवकर. युद्धाच्या आधीच्या मालात हा रोग फार, पण नव्यातही कधी निघतो. दादानं एकदा मोठ्या कौतुकानं पुण्याहून एक इंजिन आणलं होतं, खोकं न उघडताच. घरी आल्यावर त्यानं ते दोन बोटांत धरून उचललं आणि पुढचा बफर त्याच्या हातातच राहिला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. पांढरी-राखाडी भुकटी चादरीवर पडली. आई म्हणाली, "रांगोळीला घेऊ का?" त्या दिवशी दादा जेवला नाही.

तेव्हा खिडकीशी जा, इंजिन उजेडात तिरकं धरा आणि अंगावरून नखं फिरवा. भेगा, फोड, वाकलेली चौकट, अशी काही खूण दिसली की खाली ठेवा, मग ते कितीही स्वस्त असो. त्याला औषध नाही. शेजारच्या इंजिनाला मात्र लागण होत नाही, ती भीती नको.

खोकी उघडूनच बघा आणि खोक्यांकडेही बघा. संग्राहकाला खोक्याचं मोल कधी कधी आतल्या गाडीएवढं असतं, कारण गाड्या टिकतात आणि खोकी आया झाडून टाकतात. कसर लागलीय का, आतला स्पंज चिकट होऊन रंगाला बसलाय का, रबरबँड वितळलाय का. आणि खालच्या कडेला मातकट आडवी रेघ आहे का. खोली माडीवर असली तरी सगळी खोकी कायम माडीवरच होती असं कुठाय? 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापुरातल्या कितीतरी घरांनी तळमजल्यावरचं सामान नंतर धुऊन-वाळवून वर चढवलंय. पुराची रेघ असलेल्या खोक्यातलं इंजिन बॅटरीनं तपासल्याशिवाय घेऊच नका.

पत्र्याच्या जुन्या गाड्या घेतल्यात तर घासू नका, रंगवू नका. मूळ रंग टवके उडालेला असला तरी तोच खरा.

ट्रान्सफॉर्मर एकही घेऊ नका. फुकट दिले तरी नको. जुन्या वायरींचं आवरण बोट लावताच झडतं, आणि अमेरिकन असेल तर तो 110 व्होल्टचा, आपल्या 230 वर लावला की धूर. पोर वापरणार आहे, नवा घ्या.

यावरून पैशाकडे येते. 25 हजार घेऊन जाऊ नका, पंधरा घेऊन जा. बाकीचे दहा वीज पुरवणारा नवा कंट्रोलर, तेल, रबरं, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला आपोआप सुचणाऱ्या खर्चासाठी. पंधरा हजारांत या चिठ्ठ्यांच्या भावानं खोलीभर माल येईल, तोच धोका आहे. दोन धावणारी इंजिनं, सहा-सात डबे, एक पूर्ण वेटोळं आणि गाडीचा रूळ बदलायचे दोन सांधे एवढं घेऊन बाहेर पडलात तर मुलगा वर्षभर खेळेल. चाळीस डबे आणलेत तर ते पोटमाळ्यावर जातील आणि तुमची बायको "जाऊच नका" म्हणाली ते खरं होईल.

भावाचं सांगते. मेर्कलिनबद्दल खरं बोललात की बाकीच्या चिठ्ठ्यांवर खरं बोलायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळतो. भाचीनं सगळ्या डब्यांना 150 लावलेत, त्यात पुढच्या डब्याला जोडायचा आकडा तुटलेला, चाक हरवलेला प्लॅस्टिकचा डबाही असणार. तो पन्नासचाही नाही, तसं सांगा. हे ऐकायला काकूंनाही बरं वाटेल, कारण रविवारी दुपारी उरलेला माल बघून त्यांच्या पोटात गोळा येणार आहे. तेव्हा "हे एवढं उक्तं किती?" असं विचारायला हरकत नाही. शनिवारी सकाळी मात्र आधीच कमी असलेल्या चिठ्ठीवर घासाघीस करू नये, ते वाईट दिसतं.

काकांची एखादी वही असेल, तीही विचारा. असा छंद असलेली माणसं बहुतेक लिहून ठेवतात: कधी घेतलं, कुणाकडून, कितीला. दादाच्या वहीत तर प्रत्येक इंजिनासमोर कुठल्या बिघाडावर काय केलं तेही होतं. वही विकत मागू नका, ती घरात राहू दे. फक्त तुम्ही घेता त्या वस्तूंच्या पानांचा फोटो काढून घ्या.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या पत्रात साडेतीनशे इंजिनं-डबे एका वाक्यात आटोपलेत, मगरीला चार ओळी दिल्यात, आणि पुठ्ठ्याचं कोल्हापूर स्टेशन जाता जाता आलंय. मी ते पत्र वाचताना तिथंच थांबले.

मगरीची काळजी करू नका. तिला गिऱ्हाईक मिळेल, इथं नाही तर जर्मनीत. पण त्या स्टेशनला जगात कुठंही भाव नाही. फोनवर शोधून ते सापडणार नाही. मिरजेहून 1891 ला इथं रेल्वे आली, तीही मीटर गेज, आणि तेव्हापासून गाडी येते ती आपल्या गावात येऊन संपते. पुढे रूळच नाहीत. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायचं. आमच्यासारख्या पोरांना बघायला तेवढं पुष्कळ होतं. काकांनी फळीच्या एका टोकाला स्टेशन केलंय म्हणजे त्यांनी तोच शेवटचा थांबा केलाय, नुसतं गोल फिरणारं वेटोळं नव्हे. जाल तेव्हा नीट बघा, इंजिन वळवायला बाजूचा रूळ ठेवलाय का. मी पैज लावते, ठेवला असणार.

बघाच, त्यांनी हातानं केलेले डबेही असतील. आपले डबे बाहेरच्या कंपन्यांच्या खोक्यांत क्वचितच सापडतात, म्हणून आपल्याकडचे वेडे पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पत्रा आणि एखाद्या मोडक्या डब्याची चाकं घेऊन ते स्वतः करतात. ओळखायची खूण सांगते. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. 87 नं भागा, 19 च्या वर येतं. पण चाकं आयती मिळतात ती 16.5 ची. त्यामुळे भारतीय डबा त्या चाकांवर ठेवला की रुंद अंगाचा माणूस पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. दादा या गोष्टीवर आयुष्यभर चिडलेला होता. आणि लांबी! आपला जुना निळा डबा 21 मीटरच्या पुढं, म्हणजे 87 पट लहान केला तरी साडेचोवीस सेंटिमीटर. 17 डब्यांची गाडी करायची तर चार मीटरच्या वर जाते, इंजिन वेगळं. एवढं लांब टेबल कुणाकडे असतं? म्हणून सगळे पाच-सहा डब्यांवर भागवतात आणि मनात सतरा मोजतात.

असे डबे दिसले तर 150 च्या चिठ्ठीवर घ्या, घासाघीस न करता, आणि काकूंना विचारा की हे काकांनी कधी केले. मेर्कलिनबद्दल तुम्ही त्यांना सांगाल, या डब्यांबद्दल त्या तुम्हाला सांगतील.

फळीचं तर आणखी अवघड. रविवारी संध्याकाळी रूळ उखडून विकले जातील आणि प्लायवूड भंगारवाल्याच्या टेंपोत जाईल, पुठ्ठ्याचं स्टेशन त्याच्याखाली. सगळी फळी तुमच्या घरात मावणार नाही, ते मला कळतं. राजारामपुरीतले फ्लॅट मी बघितलेत. पण स्टेशनचं टोक तेवढं, तीन-साडेतीन फूट, करवतीनं कापून घेता येतं. दोन रूळ जिथं एकमेकांना जोडलेत तिथं कापा, मधे नको. खालच्या वायरींना आधी चिकटपट्टीची चिठ्ठी लावा, कुठली कुठं जात होती ती. उद्यमनगरात दोन लोखंडी ब्रॅकेट करून घेतलेत की ते भिंतीला लागेल, खाली सोफा राहू शकतो. पुढं तुमचं वेटोळं त्याला जोडा, म्हणजे मुलाची गाडी फिरून फिरून शेवटी कोल्हापूरलाच येईल.

बायकोला रविवारी बरोबर न्या, शनिवारच्या गर्दीत नको. मुलाला हातात 150 रुपये द्या आणि एक डबा त्याचा त्याला निवडू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. तो भंगार डबा निवडेल, निवडू दे. आणि कधी पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासूनचं, एचओ मापाचं. अख्खं छोटं गाव रेल्वेभोवती वसवलंय. तिथं बायकोही तुमच्या बाजूची होण्याची शक्यता आहे, असं माझ्या वहिनीच्या अनुभवावरून सांगते.

स्टेशन मिळालं तर दोन ओळी टाका. दादाचे हातानं केलेले सिग्नल आमच्याकडे खोक्यात पडून आहेत, सहा आहेत, त्यातले चार हलतात. ते आम्ही त्या विक्रीत ठेवलेच नव्हते. फलाटाच्या टोकाला एक तरी लागेल ना?